विश्लेषण : हिरडीची जखम अँटिबायोटिकमुळे भरते का?

गोळी जंतूंना रोखते, पण जखम हिरडीतील पेशीच भरतात. काही प्रतिजैविके या पेशींना मदत करतात, तर काही जास्त मात्रेत त्यांनाच अपाय करतात. हा फरक नेमका कशामुळे पडतो?

दाढ काढली, हिरडीवर शस्त्रक्रिया झाली किंवा दात घासताना रक्त येऊ लागले, की पहिला प्रश्न असतो गोळीचा. ‘जखम लवकर भरावी म्हणून अँटिबायोटिक दिले आहे,’ असे रुग्ण घरी सांगतो. पुढच्या वेळी दुखले की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच स्ट्रिप आणली जाते. या समजुतीत एक गफलत आहे. अँटिबायोटिक म्हणजेच प्रतिजैविक जखम भरत नाही. ते जखमेतील जंतूंची वाढ थांबवते किंवा त्यांना मारते. जखम भरण्याचे काम हिरडीतील पेशींचे असते आणि त्या पेशींवरही या औषधांचा परिणाम होतो. तो चांगला की वाईट, हे कोणते औषध आहे आणि ते पेशींपर्यंत किती प्रमाणात पोहोचते, यावर ठरते.

हिरडीची जखम भरते कशी?

जखम झाल्यावर काही मिनिटांत तिथे रक्ताची गुठळी तयार होते. ही गुठळी रक्तस्राव थांबवते आणि नव्या पेशींना सरकायला आधार देते. पुढचे काही दिवस सूज असते. या काळात पांढऱ्या पेशी जंतू आणि मृत पेशींचा कचरा साफ करतात. त्यानंतर फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींचे काम सुरू होते. या पेशी म्हणजे हिरडीचे गवंडी. त्या कोलॅजन नावाचे प्रथिन तयार करतात आणि त्याच्या तंतूंतून हिरडीचा सांगाडा उभा राहतो. त्याच वेळी कडेच्या आवरणपेशी सरकत येऊन जखमेचे तोंड झाकतात. वरून जखम साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत मिटलेली दिसते. आतल्या कोलॅजनची नीट बांधणी मात्र पुढे कित्येक आठवडे चालू राहते.

तोंडातील जखम त्वचेवरील जखमेपेक्षा लवकर भरते आणि तिचा व्रणही कमी राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी निरोगी स्वयंसेवकांच्या तोंडातील आणि त्वचेवरील जखमांची तुलना केली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, तोंडाच्या आवरणातील पेशींमध्ये दुरुस्तीशी संबंधित जनुके जखम होण्याआधीपासूनच सक्रिय असतात. म्हणजे हिरडी दुरुस्तीसाठी आधीच सज्ज असते. तिच्या कामात अडथळा येऊ न देणे, हाच उपचाराचा मोठा भाग.

मग प्रतिजैविकाचे काम काय?

जखमेत संसर्ग असेल तर सूज ओसरत नाही. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना जी विकरे सोडतात, ती हिरडीचे कोलॅजनही तोडतात. गवंडी भिंत बांधतो आणि दुसऱ्या बाजूने ती पाडली जाते, अशी अवस्था होते. अशा वेळी प्रतिजैविकाने जंतू कमी झाले, तर जखम भरायला वाट मोकळी होते. मदत होते, पण अप्रत्यक्ष.

प्रतिजैविके जंतूंवर वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालतात. अमॉक्सिसिलिन जंतूची पेशीभित्तिका बनू देत नाही. माणसाच्या पेशीला अशी भित्तिकाच नसते. त्यामुळे या गटाचा हिरडीच्या पेशींना थेट धोका कमी असतो. मेट्रोनिडाझोल प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंच्या आत गेल्यावर सक्रिय होते आणि त्यांचा डीएनए तोडते. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन आणि मिनोसायक्लिन हा गट जंतूंचा प्रथिने बनवण्याचा कारखाना, म्हणजे रायबोसोम, बंद पाडतो.

पेच इथेच आहे. माणसाच्या पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया हे अब्जावधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंचे वंशज मानले जातात. त्यांचे स्वतःचे रायबोसोम असतात आणि ते जंतूंच्या रायबोसोमशी बरेच मिळतेजुळते असतात. त्यामुळे टेट्रासायक्लिन गटाचे औषध पेशीत जास्त प्रमाणात गेले, तर तिच्या ऊर्जाकेंद्रांचे कामही मंदावते. जखम भरताना फायब्रोब्लास्टला विभागायचे असते, सरकायचे असते, कोलॅजन बनवायचे असते. या सगळ्याला ऊर्जा लागते.

प्रयोगशाळेत हे कसे मोजतात?

अक्कलदाढ काढताना किंवा हिरडीच्या शस्त्रक्रियेत ऊतीचा जो छोटा तुकडा टाकून द्यायचा असतो, तो रुग्णाच्या संमतीने घेतला जातो. त्यातील फायब्रोब्लास्ट काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत वाढवले जातात. त्यांवर औषधाची वेगवेगळी मात्रा टाकून तीन गोष्टी पाहतात: किती पेशी जिवंत राहिल्या, त्या पृष्ठभागाला किती चिकटल्या आणि किती सरकल्या.

सरकण्याची चाचणी अगदी साधी आहे. पेशींच्या थरावर बारीक टोकाने एक ओरखडा काढायचा आणि ती रिकामी पट्टी दोन्ही बाजूंच्या पेशी किती तासांत भरून काढतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बशीतली छोटी जखमच म्हणा. जिवंत पेशी मोजण्यासाठी अनेकदा रंग बदलणारे रसायन वापरतात. वैद्यकीय साहित्याच्या चाचणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेशींची जीवनक्षमता ३० टक्क्यांहून अधिक घटली, तर तो पदार्थ पेशींना विषारी समजला जातो.

अशा प्रयोगांतून येणारे चित्र सर्वसाधारणपणे सारखे आहे. कमी मात्रेत टेट्रासायक्लिन गटाची औषधे फायब्रोब्लास्टना फारसा त्रास देत नाहीत. मात्रा वाढत गेली की पेशींची वाढ आणि चिकटण्याची क्षमता घटते. खूप जास्त मात्रेत पेशी मरतात.

इथे एक तांत्रिक मेख आहे. रंग बदलण्याची ही चाचणी पेशी थेट मोजत नाही. ती पेशीची चयापचय क्रिया, त्यातही मोठ्या प्रमाणात मायटोकॉन्ड्रियाची हालचाल मोजते. टेट्रासायक्लिनने मायटोकॉन्ड्रिया मंदावले, तर रंग फिका येतो आणि पेशी मेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या जिवंत, पण सुस्त असू शकतात. म्हणून ‘अमुक औषधाने हिरडीच्या इतक्या टक्के पेशी मेल्या’ असा आकडा वाचताना तो कोणत्या चाचणीचा आहे, हे पाहावे लागते.

गोळी आणि जेल यांत किती फरक?

डॉक्सिसायक्लिनची नेहमीची १०० ते २०० मिलिग्रॅमची मात्रा पोटात घेतल्यावर रक्तातील प्रमाण दर मिलिलिटरला साधारण २ ते ३ मायक्रोग्रॅम होते. हिरडीच्या पेशींना त्याच पट्टीतील औषध मिळते. एवढ्याने पेशींचे मोठे नुकसान होत नाही.

थेट हिरडीत भरायच्या औषधाचा हिशेब वेगळा आहे. पायरियात दात आणि हिरडी यांच्यातील फट खोल होते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. निरोगी तोंडात ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. ती वाढली की ब्रश तिथे पोहोचत नाही. अशा पॉकेटमध्ये भरायला १० टक्के डॉक्सिसायक्लिनचे जेल मिळते. १० टक्के म्हणजे एका ग्रॅममध्ये १०० मिलिग्रॅम, अर्थात एक लाख मायक्रोग्रॅम. रक्तातील प्रमाणाच्या ही पातळी ३० ते ५० हजार पट झाली.

मग हे जेल हिरडी जाळून टाकते का? नाही. पॉकेटमध्ये हिरडीतून एक द्रव सतत पाझरत असतो. पाच मिलिमीटरच्या पॉकेटमधील द्रव तासाला सुमारे ४० वेळा बदलतो, असा अंदाज आहे. साधे औषध तिथे सोडले तर ते काही मिनिटांत वाहून जाते. म्हणूनच ते जेलमध्ये, सूक्ष्म गोळ्यांत किंवा धाग्यात बांधून, हळूहळू सुटेल अशा रीतीने ठेवावे लागते. त्यातले बरेचसे जंतूंच्या थरात मुरते आणि उरलेले लाळेसोबत निघून जाते. बशीतल्या पेशी मात्र तासन् तास त्याच औषधात बुडालेल्या असतात. त्यांना ना रक्तपुरवठा, ना लाळ, ना वरचे आवरण. त्यामुळे बशीतला निकाल जसाच्या तसा तोंडाला लावता येत नाही. जास्त मात्रा पेशींना सोसत नाही, एवढा इशारा मात्र त्यातून नक्की मिळतो.

जंतू नसतानाही हिरडी वाचली, ती कशी?

या विषयातील सर्वांत अनपेक्षित वळण १९८३ मध्ये आले. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथील दंतवैद्यक संशोधक लॉर्न गोलब आणि त्यांचे सहकारी मधुमेह झालेल्या उंदरांच्या हिरड्यांचा अभ्यास करत होते. मधुमेहात हिरडीतील कोलॅजन तोडणारी विकरे वाढतात. मिनोसायक्लिन दिल्यावर ती कमी झाली. जंतू कमी झाल्याने असे झाले, असा तर्क कोणीही केला असता. पण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांतही तोच परिणाम दिसला. मारायला जंतू नव्हतेच, तरी औषधाने हिरडी वाचवली होती.

पुढे उलगडा झाला. कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना काम करायला जस्त आणि कॅल्शियमचे अणू लागतात. टेट्रासायक्लिनचा रेणू या धातूंना पकडून ठेवतो. दुधासोबत ही गोळी घेऊ नये असे सांगतात, त्यामागेही हाच गुण आहे, कारण दुधातील कॅल्शियम औषधाला अडकवते. गोलब यांच्या गटाने नंतर टेट्रासायक्लिनच्या रेणूत बदल करून त्याची जंतूंविरुद्धची ताकद काढून टाकली, तरी विकरे रोखण्याचा गुण टिकला. म्हणजे एकाच रेणूत दोन वेगळी औषधे होती.

यातूनच २० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा, असा उपचार पुढे आला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पायरियासाठी त्याला मान्यता दिली. या मात्रेत औषध जंतूंना मारण्याइतके नसतेच. ते हिरडीचे कोलॅजन तुटण्यापासून वाचवते. अर्थात, हा रामबाण नाही. पॉकेट स्वच्छ करण्याला मिळणारी त्याची जोड माफकच असते. युरोपातील हिरडीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा वापर सुचवलेला नाही.

सगळ्याच गोळ्यांचे असे असते का?

नाही. अझिथ्रोमायसिनची तऱ्हा वेगळी आहे. हे औषध रक्तात फार काळ राहत नाही. पांढऱ्या पेशी आणि फायब्रोब्लास्ट ते आत साठवून घेतात आणि हळूहळू सोडतात. म्हणूनच त्याचा कोर्स अनेकदा तीनच दिवसांचा असतो आणि परिणाम पुढेही राहतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. अशा काहींमध्ये अझिथ्रोमायसिनने ही वाढ कमी झाल्याचे आढळले आहे. इथेही परिणाम फक्त जंतूंपुरता मानला जात नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिनच्या गटाबाबत सावधगिरीचे कारण हिरडीबाहेरचे आहे. या गटामुळे स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडर दुखावू शकते किंवा तुटू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये दिला. कंडरही कोलॅजनचेच बनलेले असते. भारतात दातदुखीवर ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी सर्रास घेतली जाते, म्हणून हे लक्षात ठेवायला हवे.

जास्त औषध म्हणजे जास्त गुण?

मुलांच्या अपुऱ्या वाढलेल्या दाताच्या मुळात संसर्ग झाला, तर मूळ पुन्हा वाढावे म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन यांची पेस्ट भरली जात असे. सुरुवातीला ती दाट, म्हणजे खूप तीव्र असे. जंतू मरत, पण २०१२ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी दाखवले की, इतक्या तीव्रतेत मुळाच्या टोकाजवळच्या मूळपेशीही मरतात. दात पुन्हा वाढवायचा तर याच पेशी हव्यात. याउलट, जुन्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडने त्यांना धक्का लागला नाही. त्यानंतर दंतवैद्यांच्या संघटनांनी ही पेस्ट खूपच सौम्य करून वापरण्याचा सल्ला दिला.

हा धडा तसा शंभर वर्षे जुना आहे. पेनिसिलिन शोधण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात काम करत होते. सैनिकांच्या खोल जखमांत तीव्र जंतुनाशके ओतली जात. फ्लेमिंग यांनी दाखवले की, ही रसायने खोलवरच्या जंतूंपर्यंत पोहोचतच नाहीत, उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आधी मारतात.

क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशलाही हाच विचार लागू होतो. हे प्रतिजैविक नाही, जंतुनाशक आहे. बशीतील फायब्रोब्लास्टना ते पातळ केलेल्या रूपातही त्रास देते. तोंडात मात्र ते थोडाच वेळ राहते आणि लाळेने पातळ होते. शस्त्रक्रियेनंतर ब्रश करता येत नसताना ठरावीक दिवसांपुरते ते उपयोगी ठरते. महिनोन् महिने वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते.

मग गोळी घ्यायची कधी?

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्पष्ट केले की, प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढांमध्ये बहुतेक दातदुखीला आणि मुळाशी मर्यादित असलेल्या सुजेला प्रतिजैविकाची गरज नसते. खरा उपचार दातावरच व्हायला हवा. ताप, अशक्तपणा, चेहऱ्यावर किंवा मानेकडे पसरणारी सूज ही लक्षणे असतील, तर मात्र प्रतिजैविक हवेच. तोंड उघडता न येणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे असे काही असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

युरोपच्या २०२० च्या सूचनांनुसार पायरियाच्या प्रत्येक रुग्णाला पोटातून प्रतिजैविक देऊ नये. तरुण वयात झपाट्याने हाड झिजणाऱ्या मोजक्या रुग्णांत त्याचा विचार करता येतो, तोही पॉकेट साफ करण्याच्या जोडीने. कारण दातांवरचे जंतू चिकट थरात राहतात. हा थर आणि टार्टर खरवडून काढल्याशिवाय औषध आतपर्यंत पोहोचत नाही.

दाढ काढण्याबाबतचा पुरावाही बोलका आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यानुसार निरोगी व्यक्तींची अक्कलदाढ काढताना प्रतिजैविक दिल्यास संसर्ग कमी होऊ शकतो, पण एक संसर्ग टाळण्यासाठी साधारण १९ जणांना औषध द्यावे लागते. उरलेल्या १८ जणांच्या वाट्याला फायदा न येता जुलाब, पुरळ आणि औषधाला दाद न देणारे जंतू यांचा धोका येतो. हृदयाची कृत्रिम झडप असलेल्यांचे गणित वेगळे आहे. त्यांना दाढ काढण्याआधी प्रतिजैविक लागते आणि ही माहिती त्यांनी दंतवैद्याला आधीच द्यायला हवी.

याचा मोठा धोका कोणता?

तीव्र हिरडीरोग जगात १०० कोटींहून अधिक लोकांना आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे. इतक्या जणांनी प्रत्येक सुजेला गोळी घेतली, तर काय होईल? ‘लॅन्सेट’मधील अभ्यासानुसार २०१९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन पहिल्या, सहज वापराच्या गटात आहेत. अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिन ‘जपून वापरा’ या गटात आहेत. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, त्यात यांचाही समावेश असतो. स्ट्रिपवरील लाल रेघेचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा आहे. त्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीमही राबवली होती.

महाराष्ट्रात यात आणखी एक भर आहे ती मिश्रीची. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरडीवर घासली जाते. निकोटीन फायब्रोब्लास्टची वाढ आणि कोलॅजन बनवण्याचे काम मंदावते, शिवाय हिरडीचा रक्तपुरवठा घटवते. मधुमेह आटोक्यात नसेल तर कोलॅजन तुटण्याचा वेग वाढतो. सकाळी मिश्री, रात्री गोळी असे चालू असेल, तर गवंड्याचे हात बांधून भिंत उभी राहण्याची वाट पाहण्यासारखे आहे.

रुग्णाने काय करावे?

दाढ काढल्यावर पहिले २४ तास जोरात चूळ भरू नये, थुंकत राहू नये, बिडी-सिगारेट आणि तंबाखू टाळावी. गुठळी निघाली तर दोन-तीन दिवसांनी तीव्र ठणका लागतो. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. त्यावर गोळ्या वाढवून उपयोग नसतो, जखम दंतवैद्याकडून धुऊन घ्यावी लागते.

प्रतिजैविक लिहून दिले तर ते कशासाठी आणि किती दिवस, हे विचारावे. सांगितलेली मात्रा स्वतःहून वाढवू नये. कॅप्सूल फोडून पूड हिरडीवर लावणे तर टाळावेच, कारण पेशींना सोसणार नाही अशी तीव्रता तिथे तयार होते. गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन गटाची औषधे सहसा देत नाहीत, म्हणून घरातली उरलेली स्ट्रिप दुसऱ्याला देऊ नये.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी स्केलिंग करून घ्यावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत रुग्णालय, तसेच गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे हिरडीरोगांचे उपचार होतात. दातांवरचा थर निघाला, तंबाखू सुटली आणि साखर आटोक्यात राहिली, तर बहुतेक हिरड्यांना गोळीची गरज पडत नाही.